छातीतली जळजळ, सैल झडप आणि गोळीची वेळ: माझा अनुभव

जेवण झालं की छातीच्या मधोमध जळजळ, खाली वाकलं की आंबट पाणी घशाशी, आणि सकाळी उठल्यावर बसलेला आवाज. बरेच महिने हे चाललं होतं. दिवसाचा त्रास एक वेळ सोसता येत होता, रात्रीचा नाही. डोळा लागतो न लागतो तोच तोंडात कडू-आंबट पाणी यायचं, नाकाच्या मागे झोंबायचं आणि जोराचा ठसका लागायचा. उठून बसलं की थोड्या वेळात शांत वाटायचं, पुन्हा आडवी झाले की पुन्हा तेच.

डॉक्टरांनी पोटाचा विषय काढण्याआधी ईसीजी काढला. जिना चढताना दुखतं का, कळ जबड्यात किंवा हातात जाते का, दरदरून घाम फुटतो का, दम लागतो का, हे सगळं त्यांनी खोदून खोदून विचारलं. हृदयाचं दुखणंही छातीत जळजळल्यासारखं वाटू शकतं, आणि नुसत्या वर्णनावरून दोन्हींतला फरक नेहमी कळत नाही. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: अशी लक्षणं असतील तर पित्त झालंय म्हणून घरी थांबू नका, तडक रुग्णालय गाठा.

मग प्रश्नांची दुसरी फेरी. घास गिळताना अडकतो का? वजन आपोआप उतरतंय का? शौचाला डांबरासारखी काळी होते का? उलटीतून रक्त पडलंय का? रक्त कमी झालंय का? यातलं एक जरी असतं तर आधी दुर्बिणीने आतून बघावं लागलं असतं. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं, म्हणून औषध सुरू करून बघायचं ठरलं.

औषध लिहून देण्याआधी त्यांनी कागदावर अन्ननलिका आणि जठर काढून दाखवलं. दोन्ही जिथे जुळतात तिथे स्नायूंचं एक वर्तुळ असतं. ते गिळताना उघडतं आणि एरवी आवळलेलं असतं, छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलही त्याला बाहेरून आधार देतो. ही झडप गिळत नसतानाही मधूनच सैल पडते, जठर भरून ताणलं गेलं की जास्तच. तेवढ्यात आतलं ॲसिड वर येतं. जेवणानंतर थोडंफार असं सगळ्यांनाच होतं. ते वारंवार व्हायला लागलं, त्रास देऊ लागलं किंवा अन्ननलिकेला इजा करू लागलं की त्याला आजार म्हणायचं.

माझी समजूत होती की माझ्या पोटात ॲसिडच जास्त तयार होत असणार. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांच्या पोटात ॲसिड नेहमीइतकंच असतं, ते नको तिथे पोचतं एवढंच. उपाशीपोटी जठरातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड तीव्र) साधारण १.५ ते ३.५ असतो. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्माचा जाड थर असल्यामुळे ते त्याला सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. पोटाचा घेर वाढला की आतला दाब वाढतो. काही जणांच्या जठराचा वरचा भाग श्वासपटलातून वर सरकलेला असतो, त्याला हायटस हर्निया म्हणतात. या दोन्हींमुळे झडपेवर ताण येतो.

औषध होतं पॅन्टोप्रॅझोल, रोज एक, ८ आठवडे, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. जठराच्या पेशींमध्ये ॲसिड बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात आणि ते जेवणाच्या वेळी जोमाने कामाला लागतात. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपांनाच बंद पाडते, आणि रक्तात ती फार वेळ टिकत नाही. म्हणजे घास पोटात जाईल तेव्हा औषध आधीच रक्तात पोचलेलं हवं. रोज नवे पंप चालू होत राहतात, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. हे आधीच माहीत असल्यामुळे पहिल्या दिवशी फरक पडला नाही तरी मी धीर सोडला नाही. मधल्या काळात जळजळ उठलीच तर अल्जिनेटचं पातळ औषध दिलं होतं. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा थर तयार करतं आणि ॲसिडला वर येऊ देत नाही.

रात्रीसाठी मात्र गोळीपेक्षा पलंगाचा उपयोग जास्त झाला. उशाकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे ठेवले. उशीवर उशी रचून हे साधत नाही, कारण त्याने शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावर दाब उलट वाढतो. डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग एका उतारावर हवं. सुरुवातीला झोपेत खाली घसरायला व्हायचं, गादीवर खरखरीत चादर घातल्यावर ते थांबलं. शिवाय डाव्या कुशीवर झोपायचं. त्या कुशीवर झडप ॲसिडच्या पातळीच्या वर राहते, उजव्या कुशीवर खाली येते. रात्रीचं जेवण आणि झोप यांत ३ तासांचं अंतर ठेवलं, आणि ठसका लागून उठणं जवळजवळ थांबलं. या आजारात रात्र सांभाळली की अर्धी लढाई जिंकली, असं माझं ठाम मत झालंय.

खाण्यापिण्याच्या पथ्याच्या लांबलचक याद्या सगळे देतात. मी एक वही ठेवली: काय खाल्लं, किती खाल्लं, त्रास कधी झाला. कॉफीने मला काहीच होत नाही, चॉकलेट आणि तळलेलं बाधतं, आणि सगळ्यांत जास्त बाधतं ते पोट गच्च भरून जेवणं. दुसऱ्या कुणाची वही वेगळंच सांगेल.

८ आठवड्यांनी गोळी थांबवली आणि त्रास परत आला. मग एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासणी झाली, तीही गोळी काही आठवडे बंद ठेवूनच, नाहीतर जखमा भरलेल्या असतात आणि काही दिसत नाही. घशात बधिर करणारा फवारा, दातांमध्ये प्लास्टिकची कडी, डाव्या कुशीवर झोपणं. उमासे आले, पण दुखलं नाही आणि लवकर आटपलं. अहवालात ग्रेड ए, म्हणजे सगळ्यांत सौम्य, ५ मिलिमीटरपेक्षा लहान ओरखडे. एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही. त्रास असूनही दुर्बिणीत काहीच न दिसणारे रुग्ण तर कितीतरी असतात, आणि त्यांचा त्रास खरा असतो.

म्हणून २४ तासांची पीएच तपासणी. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि तिची वायर कमरेला लावलेल्या यंत्राला जोडतात. गिळताना ती घशात सारखी जाणवत होती, पहिले काही तास तर बोलणंही नको वाटत होतं. पण नेहमीसारखं जेवायचं, चालायचं, झोपायचं असा आग्रह होता, कारण नेहमीच्या दिवशी काय होतं तेच बघायचं असतं. जळजळ झाली की बटण दाबायचं. अन्ननलिकेतला पीएच ४ च्या खाली किती वेळ राहिला ते यंत्र मोजतं. एकूण वेळेच्या ४ टक्क्यांहून कमी असेल तर नॉर्मल, ६ टक्क्यांहून जास्त असेल तर आजार पक्का. माझा आकडा ६ च्या वर होता. तो बघून बरंच वाटलं. आता अंदाजाने चालायचं नव्हतं.

पुन्हा गोळी, सोबत वजन उतरवणं. शस्त्रक्रियेचंही बोलणं झालं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात. रुडॉल्फ निसेन यांनी ही पद्धत १९५६ मध्ये प्रसिद्ध केली, आता ती दुर्बिणीतून करतात. मला सध्या तिची गरज नाही.

वजन उतरल्यावर गोळी कमी करायला घेतली: आधी कमी डोस, मग एक दिवसाआड. गोळी सोडल्यावर काही दिवस ॲसिड उलट जास्त सुटू शकतं आणि त्रास वाढल्यासारखा वाटतो, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. ते दिवस अल्जिनेटवर निभावले. आता गोळी लागेल तेव्हाच घेते. ज्यांना ती वर्षानुवर्षं लागते त्यांनी बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांच्या अहवालात ग्रेड सी, डी (जास्त गंभीर जखमा) किंवा बॅरेट्स (ॲसिडमुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) असं लिहिलंय, त्यांनी माझं वाचून गोळी बंद करू नये; त्यांच्यासाठी ती बहुधा कायमची असते आणि एंडोस्कोपीही ठरल्या वेळी पुन्हा करावी लागते.