सुलिव्हनांचा माग: या महिन्यात शेजारी बोलले

नवऱ्याच्या खापरपणजोबांना शोधायला लागून दीड वर्ष झालं. सासूबाईंना एवढंच ठाऊक होतं, की ते १८४०च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत आयर्लंडच्या केरी परगण्यातून न्यूयॉर्कला आले. नाव डॅनियल सुलिव्हन. केरीत सुलिव्हन शोधणं म्हणजे कोल्हापुरात पाटील शोधण्यासारखं आहे. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१च्या जनगणना १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या, पुढच्या चार तर सरकारनेच नष्ट केल्या. त्यामुळे त्या वाटेने जाण्यात अर्थच नव्हता. त्यात माझे सहा महिने त्याच नावाच्या, त्याच वयाच्या भलत्याच सुलिव्हनपायी गेले.

या महिन्यात मी डॅनियलला बाजूला ठेवलं आणि त्यांची इमारत वाचायला घेतली. १८५५ची न्यूयॉर्क राज्याची जनगणना, सहावा वॉर्ड, बॅक्स्टर स्ट्रीट. एकाच इमारतीत सुलिव्हन, हॅरिंग्टन आणि शे (Shea) अशा आडनावांची बिऱ्हाडं. जन्मस्थानाच्या रकान्यात सगळ्यांपुढे नुसतं 'आयर्लंड'. पण शहरात किती वर्षं राहतात, या रकान्यात तिन्ही घरांपुढे ४ आहे. म्हणजे १८५१! त्याच वर्षी केरीतल्या केनमेअरजवळच्या लॅन्सडाउन जमीनदारीने आपल्या कुळांना तिकिटाचे पैसे देऊन अमेरिकेला धाडलं होतं आणि त्यातले कितीतरी जण याच फाइव्ह पॉइंट्स वस्तीत उतरले. मी खुर्चीतून उठलेच.

मग न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरितांच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची दप्तरं उघडली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून तिथले कारकून मूळ गाव, जहाज, आईवडील, भावंडं सगळं लिहून घेत. आयरिश शोधात याच्याइतकी मायाळू कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत. सुलिव्हनांचं खातं नाही. शेजारच्या हॅरिंग्टनबाईंचं आहे, आणि गाव लिहिलंय केनमेअरजवळचं टूओसिस्ट, केरी.

शेजार नुसता भिंतीचा होता की नात्याचा? ते मॉट स्ट्रीटवरच्या चर्चच्या वहीत, डॅनियलच्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत कळलं. पाद्रीबाबांचं लॅटिन, शाई कडेला पसरलेली, 'योआनेस' (म्हणजे जॉन) हे नाव 'योआ'वरच तोडलेलं. आईचं माहेरचं आडनाव शे. आणि मुलाची धर्ममाता (गॉडमदर) त्याच हॅरिंग्टनबाई! कॅथलिक वह्यांत आईचं माहेर बहुधा लिहिलेलं असतं, ते आधी टिपून ठेवा.

केरीच्या चर्चच्या नोंदी आयरिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. टूओसिस्टमध्ये डॅनियल सुलिव्हन आणि शे अशी दोन लग्नं सापडली, दोन्ही वधू मेरी. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत त्यांच्यातही होती, पण लग्नाच्या नोंदीत वरपित्याचं नावच नाही, म्हणून ती इथे कामाला येत नाही. दोन्ही लग्नांचे साक्षीदार उतरवून घेतले आहेत. एका लग्नाची साक्षीदार हॅरिंग्टन आहे.