फिल्म जाड ठेवू का पातळ?

इथं सोलापुरात एमएस्सी प्रोजेक्टवाली पोरं भेटली की एकच विचारतात, दादा फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेला सेमीकंडक्टरचा थर, किती जाड ठेवायची? अरे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा) कशासाठी बनवतोयस त्यावर आहे ना ते.

सोलर सेलमधलं कॅडमियम सल्फाइड-कॅडमियम टेल्युराइडचं जंक्शन, म्हणजे दोन थरांचा जोड, घ्या; तोही डायोडच. सल्फाइडचा बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) 2.42 ईव्ही, म्हणजे साधारण 512 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश तोच खाऊन टाकतो आणि त्याचा करंट जवळजवळ मिळतच नाही, म्हणून थर पातळ करावा वाटतं, पण फारच पातळ केला की पिनहोल, म्हणजे बारीक भोकं, राहतात, तिथून टेल्युराइड थेट काचेवरच्या कंडक्टिंग ऑक्साइडला (करंट वाहून नेणाऱ्या पारदर्शक थराला) टेकतं, मग लीकेज, म्हणजे नको तिथून करंटची गळती, वाढतं आणि व्होल्टेज बसतं. त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ, काच नीट धुतली नाही तर पिनहोल फुकटात! थर जाड केला तर ग्रेन (थरातले बारीक स्फटिक) सहसा मोठे होतात हे खरं, पण सिरीज रेझिस्टन्स, म्हणजे करंटच्या वाटेतला विरोध, वाढतो आणि फॉरवर्डचा (सुलट व्होल्टेजचा) करंट-व्होल्टेज कर्व्ह आडवा पडायला लागतो.

जाडी वजनावरून, म्हणजे काचेच्या आधीच्या-नंतरच्या वजनातल्या फरकावरून, काढत असाल तर जपून. 5 चौरस सेंमीवर 100 नॅनोमीटर सल्फाइड म्हणजे जेमतेम 0.24 मिलिग्रॅम, साधा काटा काय दाखवणार? शिवाय आपण घनता भरीव मटेरियलची धरतो, 4.82 ग्रॅम प्रति घन सेंमी, आणि फिल्म असते सच्छिद्र, म्हणजे उत्तर खऱ्यापेक्षा कमीच येणार. आणि हो, केमिकल बाथमधे (द्रावणात काच बुडवून थर चढवतात तेव्हा) काच दोन्हीकडून कोट होते, मागची बाजू पुसल्याशिवाय वजन करू नका.