स्प्रिंगफील्डला लिंकन यांच्या मुलांच्या शोधात

शिकागोहून सकाळची ट्रेन धरली आणि साधारण साडेतीन तासांत इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डला उतरलो. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याबद्दल बरंच वाचलं होतं. मला बघायचं होतं त्यांचं घराणं: रॉबर्ट, एडी, विली आणि टॅड असे चार मुलगे होते, त्यांचं काय झालं आणि वंश कुठवर चालला.

एट्थ आणि जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचं लिंकन यांचं घर बघायला थेट दारात जाऊ नका. आधी जवळच्या व्हिजिटर सेंटरमधून वेळेचं तिकीट घ्या, रेंजरशिवाय आत सोडत नाहीत. तिकिटाला पैसे पडत नाहीत. थोरला मुलगा रॉबर्ट याने १८८७ मध्ये घर राज्याला देताना अटच घातली होती, की बघायला येणाऱ्यांकडून काही घ्यायचं नाही. आत जिन्याचा कठडा त्या काळचाच आहे आणि त्याला हात लावू देतात. गुळगुळीत झालेलं लाकूड. मी उगाच जरा सावकाश चढलो.

निघण्याआधी १८५० च्या जनगणनेतलं लिंकन कुटुंबाचं पान नेटवरून काढून छापून घेतलं होतं, तुम्हीही घ्या. गुलाम सोडून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला अमेरिकेत त्याच वर्षी सुरुवात झाली, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. त्या पानावर मुलांपैकी एकटा रॉबर्ट आहे, वय ७. एडी त्याच वर्षी १ फेब्रुवारीला गेला, चार वर्षांचाही झाला नव्हता. विली जन्मला २१ डिसेंबरला. घरासमोरच्या फुटपाथवर उभं राहून ते पान वाचलं तेव्हा पोटात कालवलं. नुसत्या जनगणनेवरून वंशावळ मांडली असती, तर एडी त्यात आलाच नसता. म्हणून कुणाचीही वंशावळ शोधताना दफनभूमीच्या नोंदी चुकवू नका. आडनावाची स्पेलिंगंही बदलून पाहा. लिंकन यांच्या आजोबांचं आडनाव केंटकीच्या जमिनीच्या कागदांत ‘लिंकहॉर्न’ असं सापडतं.

ओक रिज दफनभूमी गावाच्या उत्तरेला आहे. पहिल्या दिवशी मी उशिरा पोचलो आणि तिथल्या लिंकन यांच्या समाधीचं दार बंद झालं होतं. मुक्काम एक दिवस वाढवावा लागला. वेळा आधी बघून ठेवा आणि सकाळीच जा. आत लिंकन यांच्या नावाचा लालसर संगमरवरी दगड आहे, शवपेटी त्याच्याखाली दहा फुटांवर. समोरच्या भिंतीत पत्नी मेरी, एडी, विली आणि टॅड. विली ११ वर्षांचा असताना व्हाइट हाउसमध्ये वारला. १८६५ मध्ये वडिलांचं शव घेऊन निघालेल्या त्याच ट्रेनने त्याची पेटीही इथे आली. टॅड गेला १८ व्या वर्षी.

रॉबर्ट मात्र इथे नाही. वॉशिंग्टनला जाणार असाल तर आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीसाठी अर्धा दिवस ठेवा, सेक्शन ३१ विचारा. तिथे तो, त्याची पत्नी आणि मुलगा जॅक आहेत. जॅकचं खरं नाव अब्राहम. आपल्याकडे ठेवतात तसंच आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं. १८९० मध्ये तो सोळाव्या वर्षी गेला आणि लिंकन आडनाव पुढे न्यायला कुणी उरलं नाही. मुलीकडून वंश चालला तो रॉबर्टचा नातू बेकविथ याच्यापर्यंत. २४ डिसेंबर १९८५ रोजी तोही गेला.