न्यूझीलंडमध्ये व्हॅन घेताय? आधी काचेवरची आरयूसीची चिठ्ठी वाचा

न्यूझीलंडमध्ये जुनी व्हॅन विकत घ्यायची, दोन्ही बेटं फिरायची आणि जाताना विकून टाकायची, हा बेत आता बरेच जण करतात. आम्ही दोघांनीही तोच केला. कागदपत्रांच्या बाबतीत हा देश खरंच सोपा आहे आणि ते सगळीकडे लिहिलेलंही आहे. डिझेल गाडीवर मागच्या मालकाचा थकलेला रस्ताकर, म्हणजे आरयूसी, नव्या मालकाच्या गळ्यात पडतो, हे मात्र आम्हाला कोणीच ठळकपणे सांगितलं नव्हतं. म्हणून हा वृत्तांत.

आधी सोपा भाग. गाडी नावावर करायला तिथला परवाना लागत नाही. एमआर13बी हा फॉर्म भरायचा, पासपोर्ट दाखवायचा, किरकोळ शुल्क भरायचं. पोस्टाच्या काही शाखांत, व्हीटीएनझेड या वाहन तपासणी कंपनीच्या किंवा एए या वाहनचालक संघटनेच्या केंद्रात हे काम होतं. स्थानिक पत्ता द्यावा लागतो आणि टपाल तिथेच येतं, त्यामुळे ज्यांच्याकडे उतरला असाल त्यांना आधी विचारून ठेवा. रांगेत उभं राहायला जेवढा वेळ गेला तेवढाही प्रत्यक्ष नोंदणीला लागला नाही. पण नोंदणीच्या कागदावर तुमचं नाव आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. त्या गाडीवर कोणाचं कर्ज असेल तर सावकार ती ओढून नेऊ शकतो. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत गाडीच्या नंबरावरून हे तपासता येतं आणि त्याला अगदी थोडे पैसे पडतात. खासगी विक्रेत्याकडून घेताना ही तपासणी केल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका.

आता आरयूसी, म्हणजे रोड यूजर चार्जेस. पेट्रोलच्या दरात रस्त्याचा कर आधीच धरलेला असतो. डिझेलच्या दरात तो नसतो, म्हणून पंपावर डिझेल स्वस्त दिसतं आणि नवखा माणूस खूश होतो. डिझेल गाडीचा कर किलोमीटरवर, आगाऊ आणि हजार-हजार किलोमीटरच्या पटीत विकत घ्यावा लागतो. हलक्या गाडीला 1000 किलोमीटरमागे 76 डॉलर, वर प्रत्येक व्यवहाराचं शुल्क. एप्रिल 2024 पासून विजेच्या गाड्यांनाही हाच दर लागू झाला. पैसे भरले की एक चिठ्ठी मिळते. ती पुढच्या काचेवर लावतात आणि तिच्यावर कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत कर भरला आहे ते छापलेलं असतं. मीटरचा आकडा चिठ्ठीवरच्या शेवटच्या आकड्याच्या पुढे गेला की गाडी थकबाकीत.

आमची व्हॅन ऑकलंडमध्ये एका परतीच्या वाटेवरच्या प्रवाशाकडून घेतली. डिझेलची टोयोटा हायएस, आत पलंग, ओटा, सगळं नेटकं. आरयूसी भरलेली आहे असं त्याने मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं. गाडी दाखवताना पुढच्या काचेला ऊन अडवणारा चंदेरी पडदा लावलेला होता आणि चिठ्ठी त्याच्या आड होती. व्यवहार झाला आणि तो त्याच आठवड्यात देश सोडून गेला. पुढचे किलोमीटर विकत घ्यायला आम्ही काउंटरवर गेलो, तेव्हा तिथल्या बाईंनी मीटरचा आकडा विचारला, संगणकावर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की गाडी 11,000 किलोमीटर मागे आहे. म्हणजे 836 डॉलर, तेही अजून एक किलोमीटरही पुढे न जाता! नवी चिठ्ठी जुनी जिथे संपली तिथूनच सुरू होते, मधले किलोमीटर गाळता येत नाहीत. ते कोणी चालवले याच्याशी त्या काउंटरला काही देणंघेणं नाही. आज गाडी ज्याच्या नावावर, त्याने भरायचे.

असं फसवणं तिथल्या कायद्यात बसत नाही. विक्रेत्याने खोटी माहिती देऊन गाडी विकली तर डिस्प्यूट्स ट्रिब्यूनल या छोट्या दाव्यांच्या न्यायाधिकरणात दावा करता येतो आणि मेसेज हा पुरावा ठरतो. पण प्रतिवादी दुसऱ्या खंडात पोहोचलेला असेल तर दावा करून हातात काय येणार? म्हणून माझा सल्ला सरळ आहे: देश सोडून निघालेल्या प्रवाशाकडून डिझेल गाडी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर चिठ्ठी आणि मीटर एकाच फोटोत येतील असा फोटो मागा, दोन आकड्यांची वजाबाकी करा आणि थकबाकी असेल तर ती किमतीतून कापा. विक्रेता का-कू करायला लागला तर तिथून निघा. ऑकलंडमध्ये व्हॅनचा तुटवडा नाही.

त्यानंतर सगळ्या प्रवासात माझं लक्ष मीटरवरच होतं. दक्षिण बेटावरच्या ‘ते अनाउ’ या गावाहून मिलफर्ड साउंडला जाऊन परत यायचं म्हणजे सुमारे 240 किलोमीटर, म्हणजे 18 डॉलरचा रस्ताकर, डिझेल वेगळं. अशी आकडेमोड डोक्यात घेऊन कोणी मिलफर्डच्या रस्त्यावर जाऊ नये. दोन्ही बेटं नीट फिरायची तर 10,000 किलोमीटर सहज होतात आणि त्यांचे 760 डॉलर होतात. पेट्रोलची एस्टिमा किंवा सेरेना घ्या, पंपावर थोडे जास्त पैसे द्या आणि मोकळे व्हा. डिझेल इंजिन टिकाऊ असतं वगैरे मलाही माहीत आहे. काही महिन्यांसाठी गाडी घेणाऱ्याला त्या टिकाऊपणाचा उपयोग नाही.

दुसरा मुद्दा वॉरंट ऑफ फिटनेसचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याच्या प्रमाणपत्राचा. विक्रीच्या वेळी हे प्रमाणपत्र एका महिन्याच्या आतलं असावं असा नियम आहे. त्यातून सुटायचं तर ‘अ‍ॅज इज, व्हेअर इज’ म्हणजे आहे तशी गाडी घेतोय, असं तुमच्याकडून लेखी घेतात. त्यावर सही करू नका. जुना वॉरंट शिल्लक असेल, दोन-तीन महिने चालेल, असं विक्रेता म्हणेल. त्याला ताजा काढायला लावा, कारण मोडकी बाब दुरुस्त करायचा खर्च मग त्याच्या खिशातून जातो. 1 जानेवारी 2000 च्या आधी पहिल्यांदा नोंदलेल्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी वॉरंट लागतो. स्वस्त व्हॅन बहुधा याच वयाच्या असतात, तेव्हा प्रवासाच्या मध्येच तो संपणार हे धरून चाला.

ताजा वॉरंट म्हणजे गाडी चांगली, असंही नाही. त्यात ब्रेक, टायर, दिवे, सीटचे पट्टे, सांगाड्याचा गंज हे पाहतात. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स पाहत नाहीत. म्हणून खरेदीपूर्व तपासणी वेगळी करून घ्या आणि ती वॉरंट देणाऱ्या गॅरेजमध्ये करू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचं बिल मागा. ‘बदललाय’ हा शब्द धरू नका. माझदा बोंगोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे कूलंट गळत असेल तर सहज दिसत नाही. सीट उचलून टॉर्च मारून बघा.

रेगोची, म्हणजे गाडी रस्त्यावर वापरण्याच्या परवान्याची, तारीखही काचेवर असते. थोड्या महिन्यांसाठीही ती वाढवता येते. संपून वर्ष उलटलेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. बारा महिन्यांनंतर तिची नोंदणीच रद्द होते आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायला मोठी तपासणी लागते.

विमा सक्तीचा नाही. अपघातात माणसाला इजा झाली तर एसीसी ही सरकारी योजना उपचारांचा खर्च उचलते, त्यात परदेशी पाहुणेही येतात. पण समोरच्याची महागडी गाडी ठोकली तर ते पैसे तुमचेच. निदान थर्ड पार्टी विमा गाडी हलवण्याआधी काढा. आपला परवाना इंग्रजीत असेल तर चालतो, नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवा.

‘सेल्फ कंटेन्ड’, म्हणजे संडास-पाण्याची सोय गाडीतच असल्यामुळे तळाबाहेरही मुक्काम करता येणारी गाडी. या शब्दासाठी जास्तीचे हजार-दोन हजार डॉलर मागणारे विक्रेते पदोपदी भेटले. पलंगाखाली सरकवलेला उचलता येणारा संडास आणि मागच्या काचेवर निळं स्टिकर. याला आता काडीची किंमत नाही. 2023 च्या कायद्याने गाडीत पक्का बसवलेला संडास लागतो आणि प्रमाणपत्र हिरवं असतं. जुन्या निळ्याची मुदत 7 जून 2026 पर्यंतच. हिरवं नसेल तर ती साधी व्हॅन आहे, आणि साध्या व्हॅनचीच किंमत द्या. नको तिथे मुक्काम केला तर 400 डॉलरचा दंड बसतो आणि पहाटे काचेवर टकटक करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. आम्ही हिरव्याच्या मागे न लागता संवर्धन खात्याच्या, म्हणजे डॉकच्या, साध्या तळांवर राहिलो. पाणी, संडास, निजायला सपाट जागा. तेवढं पुरतं.

तेकापो, वानाका, कैकोरा यांच्याबद्दल लिहीत नाही. सुंदर आहेत, रस्ते चांगले आहेत, अडचण काही आली नाही. दोन बेटांमधल्या कुक सामुद्रधुनीची फेरी बोट मात्र उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, आयत्या वेळी मिळत नाही. तिकीट गाडीच्या लांबीवर ठरतं, सायकलचा रॅक मागे असेल तर तोही मोजतात. वेलिंग्टनला पोहोचण्याच्या बऱ्याच आधी आरक्षण करा.

टोलचे रस्ते फक्त उत्तर बेटावर आहेत: ऑकलंडच्या उत्तरेला एक आणि तौरंगाजवळ दोन. टोलनाकं नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि पाच दिवसांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. तो हिशेब नोंदलेल्या मालकाच्या नावावर चढतो, आणि हेच विकताना कामाला येतं.

विकायची वेळ आधी ठरवा. नोव्हेंबर ते जानेवारी घेणारे जास्त असतात आणि भाव चढे. एप्रिल-मेमध्ये सगळेच विकायला निघतात. आम्ही तिथल्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मेच्या काळात, क्राइस्टचर्चमध्ये विकली, भाव पडेल मिळाला. सप्टेंबरमध्ये घेऊन जानेवारीत विकणाऱ्याचं गणित याच्या उलट बसतं. जमत असेल तर तारखा तशा आखा, त्यासाठी थोडा पाऊस सोसावा लागला तरी चालेल. घेणाऱ्याला आम्ही चिठ्ठी आणि मीटर दोन्ही शेजारी दाखवले, आरयूसी मीटरच्या पुढे होती. पैसे खात्यात आल्याचं बघितल्यावर किल्ली दिली.

किल्ली दिल्या दिवशीच विक्रेत्याचा एमआर13ए भरा, ऑनलाइनही होतो. घेणारा त्याचा भाग भरेल यावर विसंबू नका. तुमची सूचना पोहोचली नाही तर त्याचे टोल आणि दंड तुमच्या नावावर येत राहतात. सूचना पोहोचल्याची पावती फोनमध्ये जपून ठेवा आणि विमा कंपनीला त्याच संध्याकाळी कळवा, उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात का तेही विचारा. आम्हाला मिळाले.