धुऱ्यावरची भीती, अल्प्राझोलाम आणि टीबीची जुनी गोळी

साप चावून वाचलेला एखादा माणूस पुढच्या हंगामात वावरात पाय ठेवत नाही, वेचणीला पऱ्हाटीत शिरत नाही. अशाच्या हाती अनेकदा अल्प्राझोलाम ही घबराट दाबणारी गोळी पडते. ती घेतली की धुऱ्यावर छाती धडधडत नाही, पण मेंदू एवढंच शिकतो की गोळी होती म्हणून निभावलं. गोळी सुटली की भीती हजर.

याउलट एक्स्पोजर थेरपीत, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जायच्या उपचारात, भीती चढूच द्यायची असते. आधी सापाचा फोटो, मग व्हिडिओ, रबरी साप, मग दिवसाउजेडी धुरा, शेवटी पऱ्हाटीची ओळ. दर पायरीला भीतीला 0 ते 100 मधला आकडा द्यायचा आणि 'आता चावणारच' हा अंदाज खोटा ठरेपर्यंत तिथून हलायचं नाही. गमबूट अन् काठी राहू द्या. नाग, घोणस, मण्यार वावरात खरंच असतात, तिथं बेफिकीर व्हायचं नाही. ताईत आणि सोबतीला ओढून आणलेला पोरगा मात्र घरी ठेवा, नाहीतर गोळीसारखंच 'त्यांच्यामुळे निभावलं' असं वाटतं.

यात जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या वरचढ नवी आठवण तयार होते. ती पक्की करायला डी-सायक्लोसेरीन वापरून पाहिलं गेलं. मूळचं हे टीबीचं औषध. दाद न देणाऱ्या टीबीत ते रोज 500-750 मिलिग्रॅम देतात. इथे मात्र साधारण 50 मिलिग्रॅम, तेही फक्त सेशनच्या दिवशी, तासभर आधी. मेंदूतल्या, शिकण्याशी आणि आठवणीशी जोडलेल्या एनएमडीए रिसेप्टरवर ते काम करतं. 2004 मध्ये संशोधक रेसलर आणि सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवर दोनच सेशनसोबत ते दिलं, फरक ठळक दिसला. पुढच्या चाचण्यांत मात्र फायदा लहानच निघाला.

घोळ इथे होतो: भीती चढलेली असतानाच माणूस उठून गेला, तर औषध तीच भीती पक्की करू शकतं. म्हणून सेशन चांगलं गेलं तरच नंतर गोळी द्यायची, हेही तपासलं गेलं. ते काही सरस ठरलं नाही. सारखं घेत राहिलं तरी असर ओसरतो. म्हणजे जीव सेशनमध्येच आहे, गोळी फार तर जोडीला.

फिट येणारे, दारू पिणारे, नैराश्य किंवा किडनीचा आजार असलेले, यांना डी-सायक्लोसेरीन धोक्याचं. घरातल्या टीबी पेशंटच्या पाकिटातून उचलून तर अजिबात घेऊ नका. अल्प्राझोलाम रोजची असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात 'एक्स्पोजर करून देता का' असं सरळ विचारा. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे.