सर्व्हर वर, माग खाली: सोलापुरातले पहिले तीन महिने

मागच्या नोंदीनंतर बराच काळ गेला, कारण घर बदललं आणि गावही बदललं. नवऱ्याची बदली सोलापूरला झाली. माझं काम तसंही घरूनच चालतं, तेव्हा मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोथरूडचा फ्लॅट सोडला. सामान टेम्पोत चढलं. घरच्या सर्व्हरची, म्हणजे फोटो-फायली सांभाळणाऱ्या कायम चालू कॉम्प्युटरची, डिस्क मात्र माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. "सोलापूरला टॉवेल घेऊन जाणारी तू पहिलीच," हे नवऱ्याने टेंभुर्णीपर्यंत चार वेळा ऐकवलं.

घर पूर्व भागात, साखर पेठेजवळ. वरचा मजला आमचा. खाली घरमालक, ज्यांना गल्लीत सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्या पत्नी अक्का, आणि चार यंत्रमाग. त्यांच्या घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. माग सुरू झाले की आधी कानाला नाही, फरशीतून पायाला कळतं.

नवीन लोकांसाठी आधी यंत्राची माहिती. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला छोटा पीसी, इंटेलचा आय५-६५००टी, १६ जीबी रॅम, आत २५६ जीबीची एसएसडी, बाहेर ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क. सांगायला लाज वाटते, पण पुण्यात यावर विंडोज १० आणि एक शेअर केलेलं फोल्डर एवढाच माझा 'सर्व्हर' होता. विंडोज ११ च्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे प्रोसेसर, माझा सहावीतला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला तरी मी चालढकल करत राहिले. शेवटी ठरवलं, गाव बदलतोच आहोत तर हेही उरकून टाकू.

विंडोजऐवजी डेबियन १३ हे लिनक्स घेतलं, म्हणजे ९ ऑगस्ट २०२५ ला आलेली 'ट्रिक्सी' ही आवृत्ती, कर्नल (सिस्टिमचा गाभा) ६.१२. फेडोरा हे दुसरं लिनक्स लॅपटॉपवर वापरून बघितलं, आवडलंही. पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, आणि कपाटावर बसलेल्या डब्याला दरवर्षी उठवून बसवायची मला हौस नाही. डेबियनची तीन वर्षं नेहमीच्या आधाराची आणि दोन लांबवलेली. पाच वर्षांत आमची अजून एकदा बदली होईल.

पहिल्याच संध्याकाळी ठेच लागली. जुन्या फोटोंची मोठी झिप नेहमीच्या सवयीने टेंपमध्ये, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये, उलगडायला घेतली आणि काही मिनिटांत 'जागा शिल्लक नाही'. डिस्कवर तर तीन टीबी मोकळे! मग आठवलं, ट्रिक्सीपासून टेंप हे फोल्डर मुळात रॅममध्येच असतं, आणि जास्तीत जास्त अर्धी रॅम घेतं. म्हणजे माझे ८ जीबी. वर मशीन बंद झालं की त्यातलं सगळं गेलं. आवृत्तीसोबतच्या टिपणात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते टिपण झिप फुटल्यावर वाचलं.

फोटोंसाठी इमिच टाकलं, आपल्याच सर्व्हरवर फोटो लावून ठेवणारा प्रोग्राम. ४१ हजार फोटो, चेहरे ओळखायला अडीच रात्री. आमच्या दोन आत्यांना त्याने एकच बाई ठरवलं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याची फारशी चूक नाही.

एप्रिल: चादर

इथून पुढचं पुण्याच्या अनुभवावर चालत नाही. माग सुरू असताना भिंतीतल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर बारीक वलयं उठतात. त्याच फळीवर माझी फिरती डिस्क. म्हणून मी शहाणपणा करून डिस्क आणि पीसी दोन्हींच्या खाली चौपदरी सोलापुरी चादर घातली. थरथर गेली. छान वाटलं.

दहा दिवसांनी दुपारी सगळं रेंगाळायला लागलं. खोलीत ३९ अंश, वर तापलेला स्लॅब, आणि सेन्सर्सची कमांड प्रोसेसर ९४ दाखवतेय. दोन संध्याकाळी मी कर्नलवर, प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या गव्हर्नरवर, वीज कुठे खर्च होते ते दाखवणाऱ्या पॉवरटॉपच्या तक्त्यांवर घालवल्या. तिसऱ्या संध्याकाळी पीसी हातात उचलला. खालची चादर इस्त्री फिरवल्यासारखी गरम होती. हा डबा हवा खालून घेतो.

तेव्हाच मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे जॉबर दादा आले होते, ते वर आले. झाकण काढलं तर प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांवर पांढऱ्या लवेचं जाड अस्तर. पाच आठवड्यांत! सुताची ती लव खिडकीतून, जिन्यातून, कुठूनही येते. दादांनी खिशातला ब्रश काढून दोन मिनिटांत साफ केलं आणि म्हणाले, "ह्याला पण मागासारखंच बघावं लागतंय की ओ ताई." जाताना मागाच्या जुन्या रबराचे आठ तुकडे देऊन गेले. चार पीसीखाली, चार डिस्कखाली. थरथर नाही, हवा मोकळी. तोच भार, तीच दुपार, ७१ अंश. चादर परत पलंगावर.

त्यानंतर दोन बदल केले. चेहरे ओळखणं आणि व्हिडिओ लहान करणं ही जड कामं रात्री अकरानंतर. आणि दर दुसऱ्या रविवारी ब्रश.

यूपीएसही फळीवरून खाली जमिनीवर आला. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं ढोबळ गणित असं की २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, आणि आमची फळी तर भट्टीच. त्याला एनयूटी हा यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम जोडला आहे, वीज गेली आणि बॅटरी उतरत आली की पीसी स्वतः शिस्तीत बंद होतो. एनयूटीमध्ये येणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सीही दिसते, ५०.०, ४९.९, ५०.०. ती बघत बसणं हा निरुद्योगीपणा आहे हे मान्य. पण ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाशी एका तालात जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या लाइनीने. त्या सोलापुरात बसून ५० चा आकडा बघायला मला मजा येते.

पाणी

हे खरं या तीन महिन्यांतलं काम.

उजनीचं पाणी आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड येतं. नेमकं कधी, ते ज्याने त्याने ओळखायचं. अक्का रात्री दोनदा उठून नळ बघायच्या. मला वाटलं, हे तर माझं खातं. नवी पेठेतून वायएफ-एस२०१ हा फ्लो सेन्सर आणला. आत छोटं चक्र फिरतं, लिटरला साधारण ४५० ठोके देतं. तो ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपबोर्डला जोडला, त्यात सेन्सर वाचायला ईएसपीहोम टाकलं, वर सर्व्हरवर घरातली उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट. चक्र फिरलं की फोनवर निरोप. निरोपाचं वाक्य अक्कांनी सांगितलं तसंच ठेवलंय: "पाणी येऊलालंय."

पहिल्या रात्री दोन चाळीसला फोन वाजला. आम्ही सगळे बादल्या, पाइप घेऊन खाली. नळातून नुसतं फुस्स. लाइनीत पाणी यायच्या आधी हवा पुढे ढकलली जाते, आणि माझं चक्र त्या हवेवर भन्नाट फिरत होतं. आकड्यांत तर पाण्यापेक्षा जोरात! अण्णा पायरीवर बसले आणि म्हणाले, "वारं येऊलालंय की."

दुसरा प्रयत्न. नळाखाली एक जुना डबा, त्याच्या बुडाजवळ बारीक भोक, आत उभा फ्लोट स्विच. धार लागली की डबा भोकातून गळतो त्यापेक्षा लवकर भरतो, तरंगता तुकडा वर जातो, संपर्क जुळतो. पाणी थांबलं की डबा आपोआप रिकामा. ईएसपीहोममध्ये त्यावर वीस सेकंदांचा डिलेड-ऑन लावला (संपर्क तेवढा वेळ टिकला तरच खरा), म्हणजे हवेबरोबर येणाऱ्या चार चुळा मोजल्या जात नाहीत. फ्लो सेन्सरही ठेवलाय, पण तो आता फक्त किती लिटर आलं ते मोजायला, तेही फ्लोट वर असेल तरच.

मग लक्षात आलं, अक्कांचा फोन कायम चार्जिंगला आतल्या खोलीत असतो, आणि बझर लावला तर मागांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? म्हणून जिन्याच्या तोंडाशी हिरवा बल्ब. माग चालवता चालवता मान वर केली की दिसतो. आता रात्री कुणी उठत नाही. बल्बचा उजेड अक्कांच्या खिडकीवर पडतो, तेवढा त्यांना पुरतो. त्या पहिल्या रविवारी शेंगा चटणीचा डबा आणि कडक भाकऱ्या वर आल्या. आजवर माझ्या कुठल्याही स्क्रिप्टला एवढा मोबदला मिळालेला नाही.

आतापर्यंत चौदा वेळा पाणी आल्याची नोंद आहे. खोटा निरोप एकच, डब्यात मांजर पाणी प्यायला तोंड घालून बसलं होतं.

नेट आणि दुसरी माळ

इथलं फायबर वेगाला चांगलं आहे, पण पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी सर्व्हरकडे वळवायला राउटरला सांगितलं, तरी बाहेरून काही दिसेना. राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला तर १००.७२ ने सुरू. म्हणजे सीजीनॅट. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी बाजूला काढला गेला, एका खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं. यावर डोकेफोड न करता टेलस्केल टाकलं, आपली यंत्रं कुठेही असली तरी एका खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम. ते आतून वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणीची पद्धतच वापरतं, आणि गंमत म्हणजे आपल्या यंत्रांना पत्तेही त्याच पट्ट्यातले देतं. पुण्यात भावाच्या घरी रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आहे, त्याच्याशी थेट जोडणी होते, मधल्या रिलेची गरज पडत नाही.

तो पाय तिथे वर्षभर नुसताच पडून होता. कामाला लागला तो अण्णांमुळे.

त्यांच्या दोन मागांना जकार्ड आहे. वर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ फिरते, आडव्या धाग्याच्या एकेका फेकीला एकेक पत्ता, भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो. मी मान वर करून ते बघत होते. अण्णा म्हणाले, एक पत्ता फाटला तर प्रत्येक फुलात तीच एक ओळ चुकते. म्हणून? "म्हणून दुसरी माळ भावाकडं ठेवलोय. इथं आग लागली तर दोन्ही एकदम नको." मग सहज विचारलं, "तुमच्या फोटोंची दुसरी माळ कुठंय ताई?"

त्याच फळीवर होती. दुसऱ्या यूएसबी डिस्कवर, पहिलीला चिकटून.

त्या रात्रीपासून रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम सुरू केला. ३०० जीबी फोटो, आधी आमच्याकडेच कुलूपबंद होऊन मग पुण्याला. रात्री अकरा ते सकाळी सहा एवढीच मुभा दिल्यामुळे पहिली खेप जायला सहा रात्री लागल्या. हुतात्मा एक्स्प्रेसने डिस्क घेऊन गेले असते तर दुपारच्या आत काम झालं असतं! आता रोजचा फरक जेमतेम काही मिनिटांचा. सिनेमे वगैरे पाठवत नाही, ते गेले तर गेले. मागच्या शनिवारी २०१६ चं एक फोल्डर मुद्दाम परत आणून पाहिलं. ३१२ फायली, चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे ना हे ताडणारे आकडे) सगळे जुळले. याआधी मी कधीच परत आणून पाहिलं नव्हतं, हेही लिहून ठेवते.

सध्या अडलंय ते असं. अक्कांच्या बहिणीलाही बल्ब हवाय. तिची लाइन वेगळी, पाणी वेगळ्या दिवशी, म्हणजे आमचा सेन्सर तिच्या कामाचा नाही. तिच्याकडे वायफाय नाही आणि घ्यायचं मनातही नाही. तिचा बल्ब तिथल्या तिथे लावणं सोपं आहे, पण निरोप तिला नको, अक्कांना हवाय, कारण बहीण दिवसभर विड्या वळायला बाहेर असते आणि किल्ली अक्कांकडे. अंतर सरळ रेषेत चारशे मीटर, मध्ये दुमजली घरं आणि पत्र्याच्या शेड. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही, म्हणून लोराची, म्हणजे कमी विजेवर लांबपर्यंत छोटे निरोप पाठवणाऱ्या रेडिओची, दोन मॉड्यूल मागवली आहेत. पत्र्यांतून कुणी असं अंतर काढलं असेल तर अँटेना किती उंच ठेवली ते सांगा. मी बुधवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, गच्चीवर चढून बघते.