एवढा मोठा बंगला, मग कसली कैद?

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी तो भोगलाय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी नाही भोगला त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढंच सांगते, 1886 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या (आजच्या म्यानमारच्या) पदच्युत राजाला, थिबाला, कैदेत ठेवायला रत्नागिरीच का निवडली, हे पोचेपर्यंत कंबरेला पटलेलं असतं. तेव्हा तर रेल्वेही नव्हती आणि पावसाळ्यात बोटी बंद. रेल्वे इथे यायला 1990 चं दशक उजाडलं.

आईला पतितपावन मंदिर आणि भगवतीचं दर्शन हवं होतं, मला हापूस. दोन्ही झालं. गणपतीपुळ्याला गर्दी बघून गाडीतूनच हात जोडले. मग दुपार रिकामी सापडली म्हणून थिबा पॅलेस.

रिक्षावाले दादा म्हणाले, "काकी, तिथे काय बघणार? जुना बंगलाच तो." पण बंगला देखणा आहे हो. तीन मजली, जांभ्याचा, उतरत्या छपरांचा, अर्धगोल खिडक्यांचा. ब्रह्मी सागवानाचं काम तर असं की आई एका खांबावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. "असलं लाकूड आता मिळायचं नाही," हे तिने मला, तिथल्या शिपायाला आणि एका अनोळखी बाईंना असं सगळ्यांना सांगून घेतलं. आवार ऐसपैस, मोकळं. दुपारच्या उन्हातही वारा येत होता.

वरच्या मजल्यावर एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातला गृहस्थ मोठ्याने म्हणाला, "असला तुरुंग मिळत असेल तर उद्याच अटक करा मला!" सगळे हसले. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर हसू आलं. पण ते वाक्य नंतर दिवसभर कुसळासारखं टोचत राहिलं. तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. माझी उत्तरं मला नेहमी रात्री अंथरुणात सुचतात, म्हणून हा लेख.

तर फोटोवाले दादा, हा तुरुंग थिबाला मिळाला केव्हा? थिबा इथे आला तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा बांधायला काढला 1906 साली, राहायला मिळाला 1910 साली. तोवर चोवीस वर्षं तो, त्याच्या दोन राण्या आणि चार मुली दुसऱ्या बंगल्यांत राहत होते. वर सरकारी पोलीस अधिकाऱ्याचा पहारा, बाहेर पडायचं तर परवानगी. पेन्शन पुरेना म्हणून बरोबर आणलेली माणकं आणि दागिने विकायची पाळी आली. वाड्यात आल्यावर दोन वर्षांनी धाकटी राणी गेली आणि 1916 च्या डिसेंबरात तो स्वतः. म्हणजे ज्या बंगल्याचा तुम्हाला हेवा वाटला, त्यात तो सहाच वर्षं जगला.

आणि ते सागवान! 1885 च्या लढाईचं निमित्तच मुळी सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी ब्रह्मदेशातल्या जंगलात जेवढे ओंडके तोडते त्यापेक्षा कमी दाखवते, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना हवं होतं ते कारण मिळालं. दोनेक आठवड्यांत थिबाची राजधानी मंडाले पडली आणि राजाला बोटीत बसवलं. ज्या लाकडावरून राज्य गेलं, तेच त्याच्या कैदेच्या घराला वापरलं! हे ज्या साहेबाच्या डोक्यातून निघालं त्याला त्यात काही वाटलंही नसेल, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

थिबा काही संत नव्हता. तो गादीवर आल्यावर राजघराण्यातल्या कितीतरी जणांची कत्तल झाली, राणी सुपायालातचं नाव त्यात येतंच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग झालं ते बरंच झालं." मी म्हटलं, अगं, इंग्रज काही त्या मेलेल्यांना न्याय द्यायला गेले नव्हते. आमचा वाद भाट्याच्या खाडीपर्यंत चालला आणि शहाळ्यावर मिटला.

थिबा पॉइंटवर सूर्यास्ताची गर्दी होती, तिथे थांबलो नाही. शिवाजीनगरला थिबाची समाधी आहे, तिकडे गेलो. इमारतींच्या मधे दगडी समाध्या, एक त्याची, एक धाकट्या राणीची. राजाचा देह मंडालेला न्यायचा म्हणून सुपायालात अडून बसली होती. दोघांच्या शवपेट्या वाड्याच्या आवारात वर्षानुवर्षं तशाच ठेवलेल्या. सरकार नाही म्हणत राहिलं आणि 1919 च्या मार्चमध्ये घरच्यांना नको असताना त्यांना इथे पुरलं. त्याच साली राणी मुलींना घेऊन परत गेली, पण मंडालेला नाही, रंगूनला.

थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. राजाच्या घरच्या पहारेकऱ्यापासून, गोपाळ सावंतपासून, तिला मुलगी झाली होती, टूटू. ही राजाची नात इथेच वाढली, इथेच लग्न केलं, मराठी बोलत, कागदाची फुलं करून विकत जगली आणि 2000 साली वारली. म्हणजे मी कॉलेजात असताना, आजीकडे सुट्टीला यायचे तेव्हा, ती याच गावात होती. आमच्या घरात कुणी कधी तिचं नाव काढलं नाही. आईलाही माहीत नव्हतं.

शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर, त्याला इंग्रजांनी आपल्याकडून रंगूनला नेलं, त्याच्या कबरीवर आपले पंतप्रधान जाऊन आलेत. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेनही या समाधीपाशी येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा मात्र आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. आईने चपला बाहेर काढल्या, वाकून नमस्कार केला. मघाशी "बरंच झालं" म्हणणारी हीच बाई! मी काही बोलले नाही, कारण बाहेरून रिक्षावाले दादा ओरडत होते, "काकी, वेटिंगचे वेगळे होतील हां!" झालेच. वर त्यांनी विचारलं, "कोणाची हो ही समाधी?" मग परतीच्या वाटेवर आईने त्यांना सगळी गोष्ट सांगितली, टूटूपासून सुरुवात करून, उलटी.